तापीच्या गाळातले शिंपले

लग्नाला बारा वर्षं झाली, तरी नानी एकदाही नंदुरबारला आल्या नव्हत्या. आमच्यापैकी एकीचं माहेर बाणकोटच्या खाडीकाठचं, तर एकाचं घर नंदुरबार जिल्ह्यातलं. पोटापाण्यासाठी राहतो मात्र मुंबईत. सुटी लागली की खाडीवर जायचं की तापीवर, हा वाद दर वर्षी ठरलेला. यंदा दिवाळीच्या सुटीत आम्ही तो वेगळ्या पद्धतीने मिटवला. नानींनाच सोबत घेतलं आणि मुलांसह सुरतमार्गे जाणाऱ्या गाडीत बसलो.

सुरत सोडलं की गाडी व्यारा, सोनगड करत पूर्वेकडे जाते. तापी नेमकी उलट दिशेने येते. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला तिचा उगम होतो आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून ती सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आम्ही नदीच्या मुखाकडून वर निघालो होतो. नवापूर आलं तेव्हा मुलांना खिडकीशी बोलावलं. या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. धाकटीने विचारलं, "मग पाणी कुणाकडचं प्यायचं?" नानी हसल्या. म्हणाल्या, "पाण्याला कसली गं सरहद्द?"

नंदुरबारला उतरलो तेव्हा मिरचीचा हंगाम सुरू झाला होता. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली होती आणि वाऱ्याबरोबर ठसका येत होता. चाचांचं शेत शहादा तालुक्यात, प्रकाशाच्या बाजूला आहे. कापूस, ऊस आणि थोडी पपई. घरात चाचांच्या मुलीचं दोन महिन्यांचं बाळ होतं, त्यामुळे आमच्यापेक्षा त्याचंच कौतुक जास्त चाललं होतं.

संध्याकाळी चाची बाळाला घुटी पाजायला बसल्या. हातात वाटी-चमचा नव्हता, एक जुना शिंपला होता. तळहाताएवढा लांबट, बाहेरून काळपट आणि आतून मोत्यासारखा चमकणारा. नानींची नजर त्यावरून हलेना.

"एवढा मोठा शिंपला इथं कुठून आला? इथं तर समुद्र नाही."

"गोमाईतला आहे, आपा," चाचा म्हणाले. "आमच्या अम्मीच्या वेळचा. या घरातली सगळी मुलं याच शिंपल्याने दूध प्यायली आहेत."

नानींचा जन्म खाडीकाठी गेला. ओहोटी लागली की टोपली घेऊन बायकांबरोबर चिखलात उतरायचं आणि तिसऱ्या वेचायच्या, हे त्यांचं लहानपण. शिंपला म्हणजे खारं पाणी, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. समुद्रापासून इतक्या लांब, गोड्या पाण्यात शिंपले असतात, हे त्यांना खरंच वाटेना. शेवटी सकाळी नदीवर जायचं ठरलं.

प्रकाशाला तापी आणि गोमाई यांचा संगम आहे. हिंदू भाविक या गावाला दक्षिण काशी म्हणतात आणि काठावर जुनी देवळं आहेत. वस्ती तर त्याहूनही जुनी. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने इथं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगातल्या माणसांच्या राहण्याच्या खुणा सापडल्या. या नदीचं पाणी माणसं हजारो वर्षं पीत आली आहेत.

परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नव्हती. खान्देशची काळी जमीन म्हणजे लाव्हाच्या खडकाची झिजून झालेली माती. तिच्यातले चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही बारीक असतात. पावसाने ते एकदा पाण्यात उतरले की दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. म्हणून पूर ओसरला तरी पाणी लवकर नितळत नाही.

काठाशी, गोमाईच्या उथळ पाण्यात, एक कोळीभाऊ जाळं झटकत होते. मुलांनी त्यांना शिंपल्यांचं विचारलं. त्यांनी काही न बोलता पाण्यालगतच्या ओल्या गाळाकडे बोट दाखवलं. गाळावर बोटाने ओढल्यासारखी एक रेघ होती. रेघ संपली तिथं मोठ्याने हात घातला आणि शिंपला वर काढला. शिंपला आपल्या मांसल पायाने गाळात सरकत जातो, ती त्याची वाट होती. अर्ध्या तासात मुलांनी सात शिंपले काढले. हा गोड्या पाण्यातला शिंपला महाराष्ट्रातल्या नद्या-तलावांत सर्रास आढळतो. शास्त्रात याला लॅमेलिडेन्स म्हणतात. ओडिशात भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेत गोड्या पाण्यातले मोती तयार करतात, तेही याच जातीच्या शिंपल्यात.

नानींचा चेहरा खुलला. "घरात ओला नारळ आहे का? रात्री सुकं करते. बारीक कांदा, हळद, तिखट, दोन कोकमं."

चाची गप्प झाल्या. आम्हीही एकमेकांकडे पाहिलं. कारण ठाऊकच होतं. आम्ही कोकणातले शाफई, आमच्याकडे तिसऱ्या, कालवं सगळं चालतं. चाचांचं घर हनफी, त्यांच्याकडे पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासळी खातात. बारा वर्षांत हा प्रश्न दस्तरखानावर कधी आलाच नव्हता, कारण नंदुरबारात तिसऱ्या मिळतच नाहीत.

चाचांनीच वाट काढली. "आपा, तुम्हाला चालतं ना, मग खुशाल करा. अंगणात वेगळी चूल मांडून देतो, भांडंही वेगळं. पाहुण्याला त्याच्या आवडीचं मिळालं पाहिजे."

नानींनाही बरं वाटलं. पण तेवढ्यात मोठ्याने विचारलं, "हा चिखलात राहतो. मग हा चिखलच खात असेल ना? आणि आपण याला खायचं?"

त्या दोन मस्लकांच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न अवघड निघाला. आमच्यापैकी एकीने प्राणिशास्त्र घेऊन पदवी केली आहे आणि ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने सांगितलं, आज स्वयंपाक नको, आज प्रयोग करू.

घरी आल्यावर दोन बादल्या घेतल्या. दोन्हींत गोमाईचं तेच गढूळ पाणी सारखं भरलं. एकीत तीन शिंपले सोडले, दुसरीत काहीच नाही. उरलेले चार ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले. बादल्या ओसरीवर झाकून ठेवल्या. मुलं इशापर्यंत दर थोड्या वेळाने झाकण उचलून पाहत होती. शिंपले किंचित उघडले होते. फटीतून झालरीसारखी कड दिसत होती आणि धाकटीने टॉर्च लावली की ती पटकन मिटत होती.

फजरला उठून आम्ही सगळेच ओसरीवर गेलो. शिंपले नसलेल्या बादलीत तळाशी थोडा गाळ बसला होता, पण पाणी अजून चहाच्या रंगाचं होतं. शिंपल्यांच्या बादलीत मात्र तळ दिसत होता. अगदी नितळ नव्हतं, पण तळाला पडलेली कपाशीची काडी ओळखू येत होती. आणि शिंपल्यांच्या भोवती शेवयांच्या तुकड्यांसारखे मऊ, मातकट गोळे पडलेले होते.

नानींनी बोटाने एक गोळा दाबला. "ही माती. यानं माती बाहेर टाकली."

खरं तेच होतं. शिंपल्याला डोकं नाही, दात नाहीत, जबडा नाही. मेंदूच्या जागी मज्जातंतूंच्या गाठींच्या तीन जोड्या. तरी जे काम आपल्याला चाळणी आणि सूप घेऊन जमणार नाही, ते तो पाण्यात बसल्या जागी करतो. त्याचे कल्ले पडद्यासारखे रुंद असतात. त्यांच्यावर केसांपेक्षा कितीतरी बारीक तंतू सतत हलत असतात आणि त्यामुळे पाणी आत ओढलं जातं. मध्यम आकाराचा गोड्या पाण्यातला शिंपला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी असं आत-बाहेर करू शकतो. तीन शिंपले रात्रभर राबले, तर बादलीतलं सगळं पाणी त्यांच्या कल्ल्यांतून एकदा तरी गेलंच असणार.

पाण्याबरोबर येतं सगळंच. हिरव्या शेवाळाच्या एकेकट्या पेशी, जिवाणू, सडलेल्या पानांचा भुगा आणि माती. कल्ल्यांवरचा बुळबुळीत चिकट पदार्थ या कणांना धरतो. फार बारीक कण बरेचसे पाण्याबरोबर निसटून जातात. अडकलेले कण तंतूंच्या लाटेवरून तोंडाकडे जातात. तोंडाशी दोन्ही बाजूंना पातळ पाकळ्या असतात आणि तिथं निवडानिवड होते. खाण्यासारखं पोटात जातं, नको ते चिकट धाग्यात गुंडाळून बाहेर टाकलं जातं. बादलीतले गोळे ते हेच. दिसायला विष्ठेसारखे असले, तरी ते पोटात गेलेलेच नसतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना छद्मविष्ठा म्हणतात. आत गेलेल्याचं पचन होऊन जी खरी विष्ठा पडते, ती वेगळी.

ही निवड नक्की कुठं होते, याविषयी शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद होता, कारण शिंपला उघडून पाहावं तर तो काम थांबवतो. १९९७ मध्ये इव्हान वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी बारीक दुर्बीण, डॉक्टर पोट तपासायला वापरतात तशी, जिवंत कालवांच्या आत घालून पाहिलं. तेव्हा कळलं की कालवात ही निवड कल्ल्यांवरच सुरू होते. निवडीची खूण कोणती, याचाही काही भाग आता उलगडला आहे. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना असं आढळलं की त्या चिकट पदार्थात काही विशिष्ट प्रथिनं असतात. शेवाळाच्या पेशीवर साखरेच्या रेणूंचं आवरण असतं आणि ही प्रथिनं त्याला धरून ठेवतात. मातीच्या कणावर तशी साखर नसते. कणाचा आकार, त्याच्यावरचा विद्युतभार, त्याचा चिकटपणा, हेही मोजलं जातं. यात विचार करणं कुठंच नाही. काय चिकटतं आणि काय सुटतं, एवढंच. पण त्या एवढ्यावर हा जीव चहाच्या रंगाच्या पाण्यात पोट भरतो.

चाचींना हे ऐकून तुरटी आठवली. त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात नदीचं पाणी माठात भरलं की त्यात तुरटीचा खडा फिरवायचा. कुणी निर्मळीची बी उगाळून घालत. थोड्या वेळाने माती गोळा होऊन तळाला बसायची. आम्ही म्हटलं, चाची, अगदी तसंच आहे. बारीक कण सुटे असतील तर बसत नाहीत, एकमेकांना चिकटले की जड होऊन बसतात. तुम्ही तुरटीने चिकटवत होतात, शिंपला आपल्या चिकट धाग्याने चिकटवतो. नदीच्या तळाशी असे हजारो शिंपले असतील, तर वरचं पाणी तेवढं नितळतं. उजेड खाली पोहोचतो, पाणवनस्पती वाढतात. तळाला पडलेले गोळे गाळातले किडे खातात आणि किडे मासे खातात.

"मग चिखल कितीही असू दे, याला काही होत नाही?" मोठ्याने विचारलं.

होतं. निवडण्यालाही ताकद लागते. तो चिकट पदार्थ शिंपल्याला स्वतःच्या अंगातून तयार करावा लागतो. पाण्यात माती थोडी असेल, तर टाकाऊ बाहेर काढूनही हिशोब फायद्यात राहतो. माती फार झाली की घासभर अन्नासाठी पोतंभर माती निवडायची वेळ येते. मग शिंपला पाणी ओढणं कमी करतो आणि शेवटी कवच मिटून घेतो. मिटलेल्या कवचात तो काही दिवस तग धरतो, पण मिटलेल्या कवचात खाता येत नाही. गढूळपणा पावसाळ्यापुरता असेल तर हे चालतं. तो बारमाही झाला तर शिंपला उपाशी मरतो.

दुपारी परत नदीवर गेलो तेव्हा ते कोळीभाऊ तिथंच होते. लहानपणी पायाला शिंपले टोचायचे, आता शोधावे लागतात, असं ते म्हणाले. पलीकडच्या काठावर वाळू भरलेला ट्रॅक्टर चढत होता. वाळू उपसली की नुसती वाळू जात नाही. तिच्यातले शिंपलेही जातात आणि ढवळलेला बारीक गाळ खालच्या अंगाच्या शिंपल्यांवर बसतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. या शिंपल्याची पिल्लं जन्मल्यावर माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात, काही काळ तिथंच वाढतात आणि मग गळून तळाला बसतात. नदीत मासे नसतील तर शिंपल्यांची पुढची पिढीच नाही. कोळीभाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे माझं आणि त्याचं पोट एकाच माशावर."

आता खाण्याचा प्रश्न उरला होता. नानींनी तो पुन्हा काढला. "माती तो टाकतो, चांगलं तेवढं घेतो. मग खायला काय हरकत?"

इथं आम्हाला नाही म्हणावं लागलं, आणि कारण मस्लकाचं नव्हतं. शिंपला कण निवडतो. पाण्यात विरघळलेलं त्याला निवडता येत नाही. मीठ पाण्यात विरघळलं की कुठल्याच चाळणीला सापडत नाही, तसंच हे. शेतातून वाहून आलेली औषधं, गावाचं सांडपाणी, शिसं किंवा कॅडमियमसारखे धातू, हे पाण्याबरोबर त्याच्या अंगात शिरतं आणि हळूहळू साठतं. काही कणही त्याला फसवतात. वॉर्ड यांच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं की प्लास्टिकचे मोठे तुकडे शिंपले आणि कालवं बरेचसे बाहेर टाकतात, पण अगदी बारीक तुकडे जास्त प्रमाणात पोटात जातात. शिंपल्याच्या अंगात असं साठतं, म्हणून अमेरिकेत १९८६ पासून सरकारच किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले आणि कालवं तपासून पाण्यात काय मिसळलं आहे याची नोंद ठेवतं. तिथं या योजनेला शिंपल्यांचा पहारा अशा अर्थाचं नाव आहे.

गोमाई आणि तापीच्या दोन्ही काठांना कापूस, ऊस आणि केळी. चाचा स्वतः फवारणी करतात. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंप मी नाल्यावर धुतो. नाला गोमाईला जातो." एवढं बोलून ते उठले. संध्याकाळी त्यांनी पंप विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, बांधाच्या आत नेऊन ठेवला आणि धुवायची जागा आता हीच, असं गड्याला सांगितलं. एका पंपाने नदी बदलत नाही, हे आम्हालाही कळतं. पण त्या घरात तेवढं झालं.

मगरिबच्या आधी सातही शिंपले नेऊन सोडले. ओल्या गोणपाटातले चारही धडधाकट होते. मुलांनी ते काठाशी ठेवले आणि बसून पाहत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग एकाने फट उघडली, पांढरट पाय बाहेर काढला आणि गाळात रुतवला. मोठ्या मुश्किलीने तो उभा राहिला आणि अर्धा आत गेला. धाकटीने त्याला खुदा हाफिज केलं.

त्या रात्री नानींनी अंगणातल्या वेगळ्या चुलीवर तापीचेच मासे केले, कोकणातल्यासारखे, आमसूल घालून. चाचांनी ते दोनदा वाढून घेतले. वेगळं भांडं लागलंच नाही.

परत निघताना चाचींनी घुटीचा शिंपला धुऊन, पुसून जाग्यावर ठेवला. नानी म्हणाल्या, "जपा हो. तसला दुसरा मिळेलच असं नाही."

बाणकोटला पोहोचल्यावर तीन दिवसांनी नानींचा फोन आला. कोळीण दारात तिसऱ्या घेऊन आली होती. नेहमी त्या भाव करतात. या वेळी त्यांनी आधी विचारलं, कुठून वेचल्यास? खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत, तिथलं पाणी खाली येतं, हे त्यांना माहीत होतंच, पण आजवर तिसऱ्यांशी त्याचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की तिसऱ्या साफ होतात, असं त्या आम्हाला लहानपणापासून सांगत आल्या आहेत. त्याने वाळू सुटते, तेवढं खरं आहे. अंगात साठलेला धातू मिठाच्या पाण्याने जात नाही आणि उकळूनही जात नाही. म्हणून घरात लहान मुलं किंवा दिवस गेलेली बाई असेल, तर शिंपले कुठल्या पाण्यातले आहेत हे विचारूनच घ्यावेत. उघडं कवच टिचकी मारूनही मिटलं नाही, तर तो शिंपला टाकून द्यावा.

"मग घेतल्या का?" आम्ही विचारलं.

"खालच्या अंगाच्या होत्या, समुद्राकडच्या. घेतल्या थोड्या," नानी म्हणाल्या. "पण वेचायच्या आधी विचारायला हवं होतं गं. इतकी वर्षं मी फक्त वाळूच काढत बसले."